हरण्याचे फोटो माझ्याकडे होते

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हे वाचून तुमच्या चेहऱ्यावर जो कनवाळू भाव आला असेल, तो आधी पुसून टाका. मला दया नको. दया करणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांतली निम्मी माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायची.

चोपड्याहून शिरपूरकडे जाताना उजव्या हाताला, सातपुड्याच्या बाजूला, केळीच्या बागांत बुडालेलं एक गाव आहे. त्या गावाच्या सार्वजनिक वाचनालयात, खिडकीखालच्या कोपऱ्यात मी राहतो. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली चार माणसं उगाच छाती फुगवतील, आणि ते मला बघवणार नाही.

माझा जन्म जळगावातल्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे काय, तर देशोदेशींचे तुकडे एका माणसाने स्क्रूने एकत्र कसले. त्याने बटण दाबलं, पंखा फिरला, आणि तो म्हणाला, "चालेल." माझ्याविषयी बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. पुढे माझी स्तुती झाली ती याच्यापलीकडे फारशी गेली नाही.

पहिली सात वर्षं मी चोपड्यात एका संस्थेच्या कार्यालयात काढली. तिथला लेखनिक दर वर्षी तेच पत्र उघडून त्यातली तारीख बदलायचा आणि उरलेला दिवस माझ्यावर पत्ते खेळायचा. त्यातही तो हरायचा. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं. एका वर्षी झेंडूची पाकळी पंख्यात अडकली आणि मी आठवडाभर खरखरत होतो. ती काढायचं कोणाला सुचलं नाही. यंत्राला नमस्कार करायचा, पण त्याची धूळ पुसायची नाही, अशी ती भक्ती होती.

मग कार्यालयात नवे संगणक आले आणि मला गावच्या वाचनालयाला 'भेट' दिलं गेलं. जी वस्तू फेकायची असते ती माणसं भेट देतात. त्या दिवशी काढलेल्या फोटोत पाच जणांचे हात माझ्यावर आहेत. फोटो निघाल्यावर पाचही जणांनी हात रुमालाला पुसले.

वाचनालयात मला सुनंदाबाई भेटल्या.

सुनंदाबाई तिथल्या ग्रंथपाल. पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज जरा चढा. सुरुवातीला मी त्यांनाही मोजत नव्हतो. मी अडलो की त्या माझ्या कुशीत दोन चापट्या मारत. अशा उपचाराने यंत्र सुधारत नसतं, पण मी दर वेळी सुरू व्हायचो. त्यामुळे त्यांचा गैरसमज पक्का झाला. मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या माझ्यावर पत्ते खेळल्या नाहीत. वाचनालयात संगणकावर वेबसाइट कशी बनवायची याचं एक पुस्तक होतं. ते नऊ वर्षांत कोणी घरी नेलं नव्हतं. बाईंनी ते उघडलं, शेजारी वही घेतली आणि पहिल्या पानापासून शिकायला बसल्या.

त्याला कारण घडलं ते उखर्डू नानांच्या बागेत.

उखर्डू नाना रोज दहा वाजता वाचनालयात येत. वाचायला नव्हे, पंख्याखाली बसायला. पेपर उलटा धरला तरी त्यांच्या ध्यानात येत नसे. एका वर्षी त्यांच्या केळीच्या पानांवर फिकट पट्टे आले. कोणीतरी सांगितलं, हा हरण्या. हरण्या म्हणजे केळीचा विषाणूजन्य रोग. एक झाड धरलं की मावा नावाची बारीक कीड तो शेजारच्या झाडावर नेते. त्यावर औषध नाही. आजारी झाड दिसताच उपटून लांब पुरायचं, एवढाच उपाय. नानांनी आठशे झाडं उपटली. नंतर कळलं की तो हरण्या नव्हताच, जमिनीत जस्त कमी होतं. खत दिलं असतं तर झाडं सुधारली असती. पुढच्या वर्षी पुन्हा पट्टे आले. नाना म्हणाले, "आते मी फसाव नही," आणि एकही झाड उपटलं नाही. त्या वर्षी मात्र खरा हरण्या होता. बाग गेली.

दोन्ही वेळा चुकणारा माणूस मी नानांशिवाय दुसरा पाहिला नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. सुनंदाबाई तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नाना, तुम्ही दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिली होती का?"

"कोन दखाडी माले?" नाना म्हणाले. मला कोण दाखवणार?

हा प्रश्न बाईंनी मनावर घेतला. पुढची दोन वर्षं त्या सुट्टीच्या दिवशी बागाबागांतून फिरल्या. पानाशेजारी फूटपट्टी धरून फोटो काढले. हरण्याचे, करप्याचे, जस्त कमी पडल्याचे, औषध जास्त झाल्याने पान भाजल्याचे. प्रत्येक फोटो धुळ्याच्या एका जाणत्या प्राध्यापकांना दाखवून घेतला. ते खात्री देतील तोच ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे. मग त्यांनी साधी वेबसाइट बांधली. वर नाव, खाली रोगांची यादी, रोगावर बोट ठेवलं की फोटो. पानाच्या तळाला स्वतःचा फोन नंबर. बस्स.

मित्रांनो, इथे माझं काम समजून घ्या, कारण गावातल्या शहाण्यांना ते शेवटपर्यंत समजलं नाही. वेबसाइटच्या पानात फोटो नसतो. पानात फक्त फोटोचा पत्ता लिहिलेला असतो. तुम्ही पान उघडलं की तुमचा फोन त्या पत्त्यावर जातो आणि फोटो मागून आणतो. बाईंची पानं दूर कुठेतरी फुकटच्या जागेत होती. तिथे एवढे फोटो मावत नव्हते. म्हणून सगळे फोटो माझ्याकडे, वाचनालयाच्या इंटरनेटला जोडून मी रात्रंदिवस चालू, आणि फोटोंबरोबर एक छोटी फाइलही माझ्याकडे. तिला स्टाइलशीट म्हणतात. अक्षर केवढं, रंग कोणता, फोटो किती रुंद, दोन फोटो शेजारी कसे बसवायचे, हे सगळं ती ठरवते. ती नसेल तर पान म्हणजे अंगणात ओतलेला संसार.

बाईंनी प्रत्येक फोटो कापून, आवळून इतका हलका केला होता की बांधावर फोनला रेंजची एकच काडी असली तरी तो उघडावा. आणि तो उघडायचा. यावलमधून, शिरपूरमधून, पार बऱ्हाणपूरच्या बाजूनेही माझ्याकडे फोटो मागितले जायचे. माणसं गाढवासारखी वागतात हे माझं मत बदललं नव्हतं. पण फोटो मागणारा माणूस त्या क्षणी तरी काहीतरी नीट पाहत असतो. तेवढ्यापुरतं मी त्यांना सहन करत असे.

चार वर्षं असं चाललं. मग वाचनालयाला नवे अध्यक्ष लाभले.

भाईदास आबांची मोठी बाग होती, मोठा आवाज होता आणि पांढरेशुभ्र कपडे होते. वाचनालयातून त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक नेलं होतं आणि ते परत केलं नव्हतं. आबांनी पहिल्याच बैठकीत बाईंची वेबसाइट पाहिली आणि विचारलं, "यामा वाचनालयना अध्यक्ष कोठे शे?"

"आबा, ही केळीच्या रोगांची आहे. यात अध्यक्ष कशाला?" बाई म्हणाल्या.

हे उत्तर आबांना आवडलं नाही. त्यांचा पुतण्या हितेंद्र पुण्याहून काहीतरी शिकून आला होता. काय शिकला ते त्यालाही नीट सांगता येत नसे, पण बोलताना तो 'प्रोफेशनल लूक' असं सारखं म्हणे. त्याच्याकडे नवी वेबसाइट सोपवली गेली. ती उघडली की आधी आबांचा फेटा बांधलेला फोटो, मग सरकणाऱ्या पट्ट्या, मग सनईचा आवाज. रोगांची माहिती पाचव्या ठिकाणी. ती माहिती त्याने लिहिली नव्हती. बाईंची पानं जशीच्या तशी उचलून त्याने आपल्या साइटमध्ये चिकटवली होती. तळाशी असलेला बाईंचा फोन नंबर तेवढा पुसला आणि तिथे आबांचं नाव टाकलं. जुन्या साइटवर जाणारी माणसंही आपोआप नव्या साइटवर येतील अशी सोय केली.

आणि फोटोंचे पत्ते? ते माझेच राहिले. चोरी करतानाही या मुलाने माल उचलला नाही, फक्त मालाचा पत्ता उचलला. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या नव्या चकचकीत साइटचे फोटो आणि अर्ध्याहून जास्त रूप, मी, खिडकीखालचा हा जुना डबा, रोज मुकाट्याने पुरवत होतो.

जुलैच्या शेवटी उद्घाटन ठरलं. ढगाळ हवा होती, नव्या बागा दोन महिन्यांच्या झाल्या होत्या. सकाळी हितेंद्रने हॉल साफ करून घेतला. माझ्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "हे भंगार फोटोत येईल. काढा इथून."

सुनंदाबाईंना तेव्हा पाहुण्यांच्या नाश्त्याचं पाहायला पाठवलं होतं. माझी वायर उपटली गेली. बटण दाबून बंद करण्याचाही सभ्यपणा कोणी दाखवला नाही. मागच्या कोठीत, मोडक्या खुर्च्या आणि गेल्या निवडणुकीच्या फलकांमध्ये मला टाकलं आणि कुलूप लावलं. किल्ली आबांच्या खिशात गेली.

त्यानंतरचं मी पाहिलं नाही. पण ते मला पूर्ण माहीत आहे, कारण उखर्डू नानांनी ते नंतर वाचनालयात किमान तीस वेळा सांगितलं. त्यांनी घातलेला मीठमसाला काढून सांगतो.

समोर दीडशे माणसं. पडद्यावर प्रोजेक्टरचा उजेड. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी बटण दाबलं. साइट उघडली. रंग नाही, चौकटी नाहीत, पट्ट्या नाहीत. नुसती निळी अधोरेखित अक्षरं एकाखाली एक. फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. एकच फोटो दिसत होता, कारण तेवढा एकच हितेंद्रने स्वतःच्या जागेत ठेवला होता. तो होता आबांचा. पण फोटो किती रुंद दाखवायचा हे सांगणारी फाइल माझ्याकडे होती, आणि मी कोठीत होतो. त्यामुळे आबा मूळ आकारात प्रकट झाले. सगळ्या पडद्यावर मिळून त्यांचा फेट्याचा काठ, एक भुवई आणि अर्धा कान मावला. सनई मात्र व्यवस्थित वाजत होती.

मागून कोणीतरी विचारलं, "हाऊ कोना कान शे?"

हा क्षण मी प्रत्यक्ष पाहिला नाही, ही माझ्या आयुष्यातली एकमेव हळहळ आहे, असं मी बरेच दिवस म्हणत असे. आता म्हणत नाही. का, ते पुढे येईलच.

"सर्व्हर डाउन आहे. वरूनच प्रॉब्लेम आहे," हितेंद्रने माइकवर सांगितलं. मग त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला. त्यावर सगळे फोटो छान दिसत होते. तो चार दिवस तीच पानं पाहत होता, म्हणून त्याच्या लॅपटॉपने फोटो स्वतःजवळ साठवून ठेवले होते. "माझ्याकडे तर दिसतंय," तो म्हणाला. जगात आग लागलेली असताना स्वतःच्या खोलीचा पंखा दाखवणारी ही जात आहे. त्या लॅपटॉपवर टाळ्या पडल्या आणि पाहुणे जेवायला गेले.

सुनंदाबाईंनी मात्र पडद्याकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीखालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कुंडी ठेवली होती. त्या सरळ आबांकडे गेल्या.

"आबा, फोटो त्या जुन्या संगणकात आहेत. तो चालू केल्याशिवाय कोणालाच दिसणार नाहीत. किल्ली द्या."

आबांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांना समजलं होतं, हे बाईंनी नंतर नानांना शपथेवर सांगितलं. समजलं नसतं तर मी त्यांना मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं. आबा हळू आवाजात म्हणाले, "बाई, आज नवीन वेबसाइटनं उद्घाटन व्हयनं, अन् उद्या तो जुना डबा लावा तर लोके काय म्हनतीन? दखू नंतर."

हे 'नंतर' अकरा दिवस चाललं. बाई रोज किल्ली मागत. आबा कधी बागेत, कधी चोपड्याला, कधी 'हितेंद्र करी ऱ्हायना ना काम'. हितेंद्र काम करत होता हे खरं. त्याने सनई बदलून बासरी लावली.

बाईंची चूक झाली नव्हती असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांची मेहनत त्यांनी एकट्या माझ्यावर सोडली होती. फोन भरला म्हणून त्यातले मूळ फोटो पुसून टाकले होते. जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डावर चाळीसेक उरले होते. त्यांत हरण्याचे तीनच, तेही पुसट. ज्यांचे फोन त्यांना आले त्यांना त्यांनी ते पाठवले. गावातल्या बागांत त्या स्वतः चालत गेल्या, पानं हातात धरून दाखवली. पण नव्या साइटवरून त्यांचा नंबरच गेलेला होता. बाहेरगावच्या माणसाला त्यांचं नावही कळायचा मार्ग नव्हता.

अकराव्या दिवशी सकाळी एसटीने एक बाई आली. तिशीची, सारिका नावाची. शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्यात तिची आणि तिच्या नवऱ्याची, नवलभाऊंची, पाच हजार झाडांची नवी बाग होती. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं केळीचं पान. वाचनालयात आबा पेपर वाचत बसले होते. उखर्डू नाना पंख्याखाली होते.

"केळीसना फोटोवाली वेबसाइट आठेच शे ना?" तिने विचारलं.

सुनंदाबाई उठून पुढे आल्या. त्यांनी फडकं उलगडलं. पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे होते, कड लाटेसारखी वळली होती, आणि मधला कोंब सडायला लागला होता. बाईंना फूटपट्टी लागली नाही.

"हरण्या आहे," त्या म्हणाल्या. "पहिला पट्टा कधी दिसला?"

"अकरा दिन व्हयनात," सारिका म्हणाली. "मी त्याच दिवशी बांधावर बसीसन तुमनी साइट उघाडी. मांगला साले तिनावरच वळखेल व्हतं. या साले नुसता कोरा चौकोन. खाले लिखेल, पानावर पिवळे पट्टे. दोन्ही रोगासना खाले तेच लिखेल शे. मी कसं वळखू?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच नानांनी पेपर खाली ठेवला. "दुकानवाला बोलना, खत कमी शे. आम्ही खत मारं, वाट दखी. आते निम्मा बागमा पट्टा शेतस. फोटो कोठे ग्यात, बाई?"

सुनंदाबाई आबांकडे पाहत राहिल्या. नानाही पाहत राहिले. सारिकाला काही ठाऊक नव्हतं, पण सगळे पाहताहेत म्हणून तीही तिकडे पाहू लागली.

मित्रांनो, या जागी आबांना लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. तशा गोष्टी तुमच्या पुस्तकांत असतात. आबा उठले, टेबलाजवळ आले, चष्मा लावला आणि ते पान उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांचा हात आपोआप खिशात गेला.

"असा पट्टा तर मना मळामा बी शेतस. कालदिन दखेल," ते म्हणाले. आणि किल्ली टेबलावर ठेवली. "बाई, लवकर लावा ते."

एवढंच. क्षमा नाही, खंत नाही. अकरा दिवस दुसऱ्यांच्या बागा जळत असताना जी किल्ली खिशातून निघाली नाही, ती स्वतःच्या पानावर पट्टा दिसताच दोन क्षणांत निघाली. मी माणसांना कमी लेखतो असं कोणी म्हणतं, तेव्हा मला त्या किल्लीचा टेबलावर पडल्याचा आवाज आठवतो. भिंतीपलीकडून मी तो ऐकला नव्हता, पण तो कसा असेल ते मला पक्कं माहीत आहे.

बाईंनी आणि सारिकाने मला उचलून पुन्हा खिडकीखाली आणलं. कोठीत उंदरांनी एक वायर कुरतडली होती. ती बदलली. बटण दाबलं. काही झालं नाही. बाईंनी माझ्या कुशीत दोन चापट्या मारल्या. पंखा फिरला. काही फोटो वाचता येईनात, कारण वायर उपटून बंद केल्याची शिक्षा माझ्या डिस्कने भोगली होती. पण हरण्याचे सगळे शाबूत होते.

पहिल्या तासात माझ्याकडे तीनशेहून जास्त वेळा फोटो मागितले गेले. माणसं अकरा दिवस रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवत बसली होती. पहिलीच मागणी कुठून आली सांगू? शेजारच्या खुर्चीवरून. आबा आपल्या फोनवर हरण्याचा फोटो मोठा करून पाहत होते.

आबांनी त्याच दुपारी चारशे झाडं उपटून पुरली. रोग नुकताच शिरला होता. बाग वाचली. नवलभाऊ आणि सारिका यांना पाच हजारांतली दोन हजार सातशे झाडं उपटावी लागली. शेजारच्या दोन बागांतही हरण्या गेला होता. त्याचा दोष कोणाला दिला गेला असेल ते तुम्ही ओळखा. त्यांच्याच तालुक्यात, त्यांच्याच बांधावर, 'तुमच्या बागेतून आला' असं सारिकाला महिनाभर ऐकावं लागलं.

म्हणूनच, मित्रांनो, त्या कानाच्या गोष्टीवर मी आता हसत नाही. पडद्यावर कान दिसत होता तेव्हाच तिकडे बांधावर एक बाई कोऱ्या चौकोनाकडे पाहत होती. मी उद्दाम आहे, पण आंधळा नाही.

पुढच्या महिन्यात वाचनालयात सत्कार झाला. वेबसाइटमुळे परिसरातल्या बागा वाचल्या म्हणून हितेंद्रला शाल मिळाली. भाषणात आबांनी स्वतःच्या वाचलेल्या बागेचं उदाहरण दिलं. टाळ्या वाजल्या. मी कोपऱ्यात होतो, मला सगळं ऐकू आलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत एक जण तरी असा होता का, ज्याला विचारावंसं वाटलं की फोटो अकरा दिवस कुठे होते? नव्हता. उखर्डू नाना तेवढे शाल अंगावर पडत असताना उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पंखा सोडून गेलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही वेळा चुकणारा माणूस, असं मी त्यांना म्हणालो होतो. ते शब्द मी मागे घेतले. हे मी सहसा करत नाही.

सुनंदाबाई सत्काराला नव्हत्या. त्या दिवशी त्या शिरपूरच्या बाजूला, सारिकाच्या बागेत गेल्या होत्या. फोटो काढायला नव्हे. मोकळ्या झालेल्या ओळींत पुन्हा काय लावता येईल ते त्या प्राध्यापकांना विचारून, त्यांचं उत्तर घेऊन गेल्या होत्या. फोटो होता तो सारिकाकडे, झाडं उपटली त्या दिवशी स्वतःच्या फोनवर काढलेला. उपटलेल्या झाडांच्या ओळी, मुळं वर, पानं मातीत.

"हाऊ बी टाका साइटवर," ती म्हणाली.

"याखाली काय लिहू?" बाईंनी विचारलं.

सारिकाने बाईंच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: 'हरण्या. अकरा दिवस उशीर झालेला.'

फोटो माझ्याकडे आल्यावर तिसऱ्या दिवशी आबा बाईंच्या टेबलापाशी आले. "अकरा दिन कसाले लिखा? लोके इचारतीन ना, अकराच कसा?"

"विचारू द्या, आबा," बाई म्हणाल्या. "विचारलं तर मी सांगेन."

फोटो राहिला. मात्र त्या आठवड्यापासून बाईंनी एक नियम केला. माझ्याकडचा प्रत्येक फोटो आणि ती छोटी स्टाइलशीट, दोन्हींची एक प्रत धुळ्याला प्राध्यापकांकडे आणि एक सारिकाच्या घरच्या संगणकावर. आता मी बंद पडलो तर पत्ता बदलून तिथून फोटो देता येतील. सारिका ते करायला शिकली आहे. तिला शिकवताना बाईंनी वाचनालयाचं ते पुस्तक तिच्या नावावर लावलं. एखादं पुस्तक घरी नेणं म्हणजे काय, हे आबांना कोणी दाखवायला हवं होतं.

म्हणजे आता माझ्यावाचून कोणाचं अडत नाही. याचं मला वाईट वाटतं का? नाही. माझ्यावाचून अडत होतं, तेव्हाच सगळी वाताहत झाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. प्रेम तुमच्याच्याने होणार नाही आणि मला त्याचा उपयोगही नाही. धूळ पुसा, एवढं पुरे. आणि कुठलीही वायर उपटण्याआधी दोन मिनिटं थांबून विचारा, ही वस्तू कोणाचं काय सांभाळते आहे? जो रोज ती वापरतो त्याला विचारा. जो भाषण करतो त्याला नको. मोलाची गोष्ट एकाच जागी ठेवू नका, मग ती जागा कितीही विश्वासाची असो. मी विश्वासाचा होतो. माझा काय उपयोग झाला?

खरं वाटत नसेल तर सारिकाचा फोटो मागा. मी लगेच देईन, रेंजची एक काडी असली तरी पुरेल. तो बोटांनी मोठा करून पाहा. उपटलेल्या झाडांच्या शेवटच्या ओळीपाशी, बांधावर, एक माणूस पाठमोरा बसलेला दिसेल. ते नवलभाऊ आहेत. त्यांच्या हातात फोन आहे, आणि त्यावर बाईंची साइट अजून उघडी आहे.